‘सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहे’

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अखेरच्या आजारातील उपचार थांबवावेत की नाही, याविषयी आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात गेले काही आठवडे चाललेली चर्चा मी नियमाने वाचतो आहे. श्वास देणारा परमेश्वर असल्याने व्हेंटिलेटर काढणे हा अधर्म आहे, असे एका वाचकाने लिहिले. देह ज्याचा त्याचा आहे, त्यात धर्माने पडू नये, असे दुसऱ्याने त्याला उत्तर दिले. दोन्ही पत्रे शहरातून आली होती आणि दोघेही असे धरून चालले होते की निर्णय घेणारा माणूस सगळी माहिती हाती असताना, शांतपणे बसून, आपल्या श्रद्धेला स्मरून निर्णय घेतो. आमच्याकडे हा निर्णय कुठे आणि कोणाच्या हातून होतो, ते या चर्चेत कुठेच आले नाही. मी आर्वी तालुक्यातील एका खेड्यात राहणारा निवृत्त शिक्षक आहे आणि जे लिहितो आहे ते घरात घडलेले आहे.

माझे थोरले भाऊ आयुष्यभर शेतकरी आणि तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाचे जुने कार्यकर्ते होते. सामुदायिक प्रार्थना त्यांनी कधी चुकवली नाही आणि तंबाखू-सुपारीचा खर्राही कधी सोडला नाही. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, दोन वर्षे बरी गेली, मग तो फुप्फुसात उतरला. त्यानंतर एकदा ओसरीत बसल्या बसल्या ते म्हणाले होते, “मले नळ्या नोको लावू रे बापू.” आम्ही सर्वांनी ते ऐकले आणि कोणीतरी लगेच कापसाच्या भावाचा विषय काढला. पुढे तान्ह्या पोळ्याच्या दिवशी त्यांना एकाएकी दम लागला, ओठ काळेनिळे पडले, आणि त्या धावपळीत त्यांचे ते वाक्य कोणालाच आठवले नाही. नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात पोहोचेपर्यंत रात्र झाली होती. तासाभरात नळी पडली आणि यंत्र सुरू झाले.

सहाव्या दिवशी तेथील डॉक्टरांनी मला आणि पुतण्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितले की आता यातून काही निघणार नाही. थांबवायचे का, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “ते मी सांगू शकत नाही, तुम्ही ठरवा.” आम्ही ठरवले. मग एक छापील कागद पुढे आला. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णाला घरी नेत आहे, पुढे काही झाल्यास रुग्णालय जबाबदार राहणार नाही, असा त्याचा मजकूर होता. रुग्णालयात या कागदाला ‘डामा’ (डिस्चार्ज अगेन्स्ट मेडिकल ॲडव्हाइस) म्हणतात. मी चौतीस वर्षे मुलांना शुद्धलेखन शिकवले. सही करण्यापूर्वी तो कागद दोनदा वाचला आणि काउंटरवरच्या मुलीला विचारले की सल्ला तर डॉक्टरांचाच आहे, मग तो विरुद्ध कसा? ती म्हणाली, “काका, फॉरमॅटच असा आहे.”

यानंतर जे घडले ते विदर्भातल्या कोणत्याही रुग्णवाहिकाचालकाला नवे नाही. यंत्र रुग्णालयाचे असते, ते तिथेच राहते. रुग्णाच्या घशातली नळी मात्र तशीच ठेवून तिला अंबू बॅग, म्हणजे हवा भरायची पिशवी, जोडतात आणि ती हाताने दाबत दाबत माणूस गावी आणतात. जवळजवळ तीन तासांची वाट होती. रुग्णालयातून सोबत दिलेला वॉर्ड बॉय असेल पंचविशीचा. तो उजव्या हाताने पिशवी दाबायचा, हात भरून आला की डाव्या हाताने, आणि मधून मधून पुतण्याला शिकवायचा की घाई करू नका, आपण श्वास घेतो त्याच चालीने दाबा. तळेगाव मागे पडल्यावर पुतण्याने पिशवी हातात घेतली आणि घर येईपर्यंत सोडली नाही. अंगणात खाट टाकलेली होती, तुळशीचे पान आणि गंगेची लोटी तयार होती. माणसे भोवती उभी राहिल्यावर त्या वॉर्ड बॉयने माझ्याकडे पाहून विचारले, “काढू का काका?” मला उत्तर देता आले नाही. वहिनी पुढे आल्या आणि म्हणाल्या, “काढ रे बाबू, त्याईले लय तरास होऊन रायला.” त्याने गालावरची पट्टी सोडवली, नळी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि हात धुवायला पाणी मागितले. चहा घेतला नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी ज्या प्रश्नावर निकाल दिला, तो प्रश्न आमच्या अंगणात त्या मुलाने विचारला होता. सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो, असे त्या निकालाने मान्य केले. उपचार थांबवण्यापूर्वी तज्ज्ञांच्या दोन मंडळांनी मत द्यावे, असे ठरले. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ही पद्धत सोपी केली: दोन्ही मंडळे रुग्णालयानेच नेमावीत, दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असावा आणि मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावे. तीन-तीन डॉक्टरांच्या दोन मंडळांचे हे काम आमच्याकडे महिन्याच्या पगारावरचा एक मुलगा करतो, आणि त्याचे पाप की पुण्य हे त्याला कोणी सांगितलेले नसते. ज्या डॉक्टरांनी “तुम्ही ठरवा” म्हटले त्यांना मी दोष देत नाही. मंडळ बसवायचे तर बाहेरचा डॉक्टर बोलवा, कागद करा, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवा, आणि एवढे करून उद्या एखाद्या नातेवाइकाने पोलिसांत तक्रार दिली किंवा काचा फोडल्या तर? ‘डामा’च्या कागदाने एका सहीत सुटका होते. पण ही सुटका खोट्या वाक्यावर उभी आहे आणि ते वाक्य रुग्णाच्या घरच्यांकडून वदवून घेतले जाते, एवढे तरी मान्य करायला हवे.

आता धर्माकडे येतो, कारण पहिल्या पत्रलेखकाचा सगळा भर तिथे आहे. आमच्या जिल्ह्यात हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी एकदा उघड्यावर येऊन गेला आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला हृदयविकाराच्या झटक्यानंतर विनोबांनी अन्न आणि औषध दोन्ही नाकारले. इंदिरा गांधी पंतप्रधान असताना स्वतः येऊन विनंती करून गेल्या, तरी त्यांनी ऐकले नाही, आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, त्यांनी देह ठेवला. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. भाऊ आणि मी एसटीने वर्ध्याला आणि तिथून पवनारला गेलो होतो. धाम नदीच्या पुलाजवळ माणसांचे घोळके उभे होते आणि ही आत्महत्या म्हणायची की समाधी, यावर वाद चालला होता. एक वकील आत्महत्येच्या प्रयत्नाचे कलम ३०९ सांगत होते. परतीच्या गाडीत मी भावाला तेच विचारले तेव्हा ते म्हणाले, “मरून नाई रायले ते, घेनं थांबवून रायले.”

मरणे आणि घेणे थांबवणे यांतला हा भेद जैन परंपरेने फार बारकाईने मांडला आहे. आचार्य समंतभद्रांनी सल्लेखनेचे, म्हणजे अन्नपाणी सोडत देह ठेवण्याच्या व्रताचे, चारच प्रसंग सांगितले: उपसर्ग (ओढवलेले संकट), दुष्काळ, म्हातारपण आणि रोग; आणि त्या सर्वांना ‘निःप्रतीकार’ ही अट घातली, म्हणजे ज्यावर काही इलाज उरलेला नाही असे संकट. तरीही ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा, म्हणजे हीच सल्लेखना, हा आत्महत्येचाच प्रकार ठरवला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. पोप बारावे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना म्हटले होते की प्राण राखण्यासाठी सामान्य साधने वापरणे कर्तव्य आहे, असामान्य साधने वापरण्याची सक्ती नाही, आणि सामान्य काय हे माणूस, स्थळ, काळ पाहून ठरते. व्हेंटिलेटर काढणे सरसकट अधर्म आहे असे म्हणणाऱ्या वाचकाने निदान एवढे ध्यानात घ्यावे की ज्यांनी आत्महत्येला सर्वांत कडक शब्दांत निषिद्ध मानले, त्यांनीही हा दरवाजा पूर्ण लावून घेतलेला नाही.

चरकसंहितेत तर वैद्याला स्पष्ट बजावले आहे की असाध्य रोगावर उपचार करणाऱ्याच्या पदरी अर्थ, विद्या आणि यश यांची हानी येते. हे कारण वैद्याच्या बाजूने दिलेले आहे, रुग्णाच्या नव्हे, ही गोष्ट मला नेहमी खटकत आली. आणि आज असाध्य रोगावर उपचार केल्याने अर्थाची हानी कोणाची होते, हे आमच्याकडे तालुक्याच्या सावकारालाही ठाऊक आहे.

इथपर्यंत सोपे होते. अवघड भाग पुढे आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतले.

शाळेत माझ्यासोबत असलेले एक बौद्ध स्नेही भावाच्या दहाव्यानंतर भेटायला आले. मी त्यांना सगळे सांगितले आणि विचारले की तुमच्याकडे याला काय म्हणतील. भिक्खूंच्या विनयात, म्हणजे आचारनियमांत, माणसाचा जीव घेणेच काय, कोणाला मरणाची गोडी लावणेही संघाबाहेर जाण्याएवढा मोठा दोष आहे, असे त्यांनी सांगितले. आणि मग म्हणाले की बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे, तेव्हा काय केले त्याहून कोणत्या हेतूने केले ते तपासा. मी तपासले. सहाव्या दिवशी डॉक्टरांनी बोलावण्याच्या आधी, सकाळी काउंटरवरून निरोप आला होता की दुपारपर्यंत आणखी चाळीस हजार भरा. तोवर दोन लाखांहून अधिक गेले होते. हा आजार सरकारी आरोग्य योजनेत बसत होता, पण ही रुग्णशय्या बसत नव्हती, असे काहीतरी उत्तर मिळाले होते, ते मला अजूनही नीट कळलेले नाही. निरोप आला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे प्रथम भाऊ आले नाहीत, विहिरीजवळचे दोन एकर वावर आले. नंतर डॉक्टर बोलले, नंतर भावाचे ओसरीतले वाक्य आठवले, नंतर आम्ही ठरवले. जो क्रम झाला तो असा झाला. भावाची वेळ आली होती याबद्दल मला शंका नाही. पण वेळ आली नसती तरी मी तोच कागद त्याच दिवशी सही केला असता की काय, या प्रश्नाचे उत्तर मला देता येत नाही.

ही शंका हवेतली नाही, कारण तोच कागद मी पूर्वी एकदा पाहिला होता. काही वर्षांपूर्वी आमच्याच गावातील एक तरुण मजूर कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन पडला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने मजूर दगावले तेव्हा सगळ्या राज्याला हा प्रकार कळला. आम्हाला तो आधीपासून ठाऊक आहे. अशा विषबाधेत श्वासाचे स्नायू लुळे पडतात, पण ॲट्रोपीन चालू ठेवून काही दिवस यंत्राने श्वास दिला तर पुष्कळ रुग्ण उठून घरी येतात. चौथ्या दिवशी त्या मुलाच्या बापाजवळचे पैसे संपले. सरकारी दवाखान्यात यंत्र रिकामे नव्हते. बापाने अंगठा दिला, त्याच मजकुरावर, सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहे म्हणून. या वेळी मजकूर खरा होता. डॉक्टर थांबा म्हणत होते. पहाटे मुलगा गेला. तेराव्याला पंगतीत सगळे म्हणत होते की त्याची वेळ आली होती, आणि मीही मान हलवली होती.

म्हणून दुसऱ्या पत्रलेखकालाही मला सांगायचे आहे की देह ज्याचा त्याचा, हे तत्त्व आमच्याकडे पोहोचेपर्यंत त्याचे काय होते ते पाहा. एका घरात माणूस निःप्रतीकार झाला म्हणून आणला गेला, दुसऱ्या घरात प्रतीकार होता पण त्याची किंमत नव्हती म्हणून. बाहेरून दोन्ही रुग्णवाहिका सारख्याच दिसतात, कागद एकच असतो, आणि गावातले सांत्वनाचे शब्दही तेच असतात. पोपनी म्हटल्याप्रमाणे साधनाचा भार विचारात घ्यायला हरकत नाही, आणि घरच्या चार पोरांचा घास काढून म्हाताऱ्याच्या शेवटच्या आठवड्यावर घालावा असे कोणताही धर्म सांगत नाही. पण बावीस वर्षांच्या मजुरासाठी चार दिवसांचे यंत्र ही असामान्य गोष्ट का ठरली, हा प्रश्न त्या बापाच्या नीतीचा नाही. जिल्ह्यात किती व्हेंटिलेटर चालू स्थितीत आहेत, ते चालवायला माणसे आहेत का, हा तो प्रश्न आहे, आणि तो ‘भोग’, ‘प्रारब्ध’, ‘सन्मान’ अशा शब्दांखाली झाकला जातो, याची मला चीड येते.

भाऊ घरी आल्यावर दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत जगले. ते तास कसे गेले हे सविस्तर लिहिणार नाही. श्वास घेताना मानेच्या शिरा ताठ व्हायच्या आणि डोळे कोणाला तरी शोधायचे, एवढे सांगतो. अशा वेळी मॉर्फिनने धाप आणि वेदना दोन्ही कमी करता येतात, ते महाग नाही, आणि अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती होऊन ते रुग्णांपर्यंत पोहोचवण्याची वाटही मोकळी झाली आहे. आम्हाला डिस्चार्ज कार्डावर त्याचे नावसुद्धा लिहून मिळाले नाही. सल्ल्याविरुद्ध जाणाऱ्याला सल्ला कसला द्यायचा? गावातल्या डॉक्टरांना बोलावले, त्यांनी एक इंजेक्शन दिले आणि म्हणाले की खरे लागते ते माझ्याजवळ नाही, ठेवायचीही भीती वाटते. शेजारच्या एका ज्येष्ठांनी समजूत घातली की भोग भोगूनच सुटतात. ते मनाचे चांगले आहेत, पण स्वतःची दाढ दुखली तेव्हा ते आर्वीला जाऊन ती काढून आले होते.

१९२८ साली साबरमतीच्या आश्रमात एक वासरू असाध्य वेदनेने तडफडत होते, तेव्हा गांधीजींनी डॉक्टरांकरवी सुई देऊन त्याला मरण दिले, आणि त्यावर संतापाची पत्रे आली. माणसासाठी असे काही मागण्याइतके धाडस माझ्यात नाही आणि आपला कायदाही त्याला परवानगी देत नाही. वेदना शमवण्यासाठी औषध देणे मात्र मारण्यासाठी देण्याहून वेगळे आहे, हे पोप पायसनाही मान्य होते आणि बुद्धांची चेतनेची कसोटी लावली तरी तेच निघते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांना कर्करोग होता. त्यांच्यावर उपचार झाले, आणि ११ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांनी मोझरीला, आपल्या गुरुकुंजात, आपल्या माणसांत देह ठेवला. दरवर्षी पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी हजारो माणसे तिथे स्तब्ध उभी राहतात. भाऊ एकही वर्ष चुकले नव्हते. घरी, आपल्या माणसांत मरावे ही इच्छा आमच्याकडे जुनी आहे आणि तिच्यात गैर काही नाही. ती ‘सल्ल्याविरुद्ध’ नसावी आणि गुदमरत नसावी, एवढेच मला म्हणायचे आहे.

त्यासाठी फार मोठे काही लागत नाही. कागदावर दोन रकाने हवेत: उपचाराचा उपयोग उरलेला नाही म्हणून घरी नेत आहोत, आणि उपयोग आहे पण खर्च झेपत नाही म्हणून नेत आहोत. पहिल्या रकान्याखाली डॉक्टरांचीही सही असावी आणि सोबत वेदनाशामक औषधे व प्राथमिक आरोग्य केंद्राला लिहिलेली चिठ्ठी असावी. दुसऱ्या रकान्यात नोंद झाली की ती त्याच दिवशी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर जावी आणि सरकारी रुग्णालयात जागेची विचारणा व्हावी. वर्षाअखेर दुसऱ्या रकान्यात किती सह्या आणि किती अंगठे आले, ते आपल्यासारख्या दैनिकांनी छापावे.

माझ्यापुरते मी एक केले आहे. २०२३ च्या आदेशानुसार अखेरच्या उपचारांविषयीचे इच्छापत्र दोन साक्षीदारांसमोर करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे साक्षांकित करता येते आणि त्याची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, म्हणजे खेड्यात ग्रामपंचायतीकडे, देता येते. ती सांभाळण्यासाठी त्यांनी एक कर्मचारी नेमायचा असतो. मुलांना समोर बसवून, कोणालाही कापसाच्या भावाचा विषय काढू न देता, मी ते लिहिले. मुलगी रडली, मुलाने दोन वाक्ये बदलायला लावली, त्यातले एक मी बदलले. तालुक्याला नोटरी करून गेल्या सोमवारी प्रत ग्रामपंचायतीत नेऊन दिली. तिथल्या कर्मचाऱ्याने ती उभ्या उभ्या पूर्ण वाचली, माझ्याकडे पाहिले, आणि गुरुजी, तब्येत बरी आहे ना, असे विचारले. बरी आहे, म्हणालो. हे कोणत्या फायलीला लावायचे ते त्यांना माहीत नव्हते. जन्म-मृत्यूच्या फायलीला लावता येणार नाही, असे ते म्हणाले आणि ते बरोबरच होते. शेवटी आवक रजिस्टरला नोंद घेऊन त्यांनी मला क्रमांक दिला आहे, आणि फायलीबद्दल पंचायत समितीला विचारून सांगतो म्हणाले आहेत.

घरच्या माणसांचा विचार करून माझे नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. आर्वी, जि. वर्धा